लिंबाचं पुडिंग ओव्हनमध्ये केलं तर वर केक आणि खाली सॉस, असं खरंच होतं का?

होतं, आणि सॉस वेगळा करावा लागत नाही. ऑस्ट्रेलियात याला ‘लेमन डिलिशस’ म्हणतात. मिश्रण एकच. अंड्याच्या पांढऱ्याचा फेस वर तरंगून त्याचा केक होतो, जड दूध-लिंबू खाली कस्टर्डसारखं घट्ट होतं.

चौघांसाठी ५० ग्रॅम बिनमिठाचं बटर, १५० ग्रॅम साखर, ३ अंडी, ५० ग्रॅम मैदा, २५० मिली दूध, ८० मिली लिंबाचा रस. आपली कागदी लिंबं लहान, त्यामुळे तीन-चार तरी लागतील. आधी साल किसा, मग पिळा. फक्त वरचा रंगीत थर घ्या, पांढरं आलं की कडवट लागतं.

बटर, साखर, साल घोटा. त्यात बलक, मैदा, रस, शेवटी थोडं थोडं दूध. आता मिश्रण फाटल्यासारखं दिसेल. दिसू द्या! पहिल्यांदा मी ते नासलं समजून चक्क सिंकमध्ये ओतलं होतं. पांढरं वेगळं फेटून हलक्या हाताने मिसळा. फेसाचे थोडे पुंजके राहिले तरी चालतात.

भांडं खोल ट्रेमध्ये ठेवा, ट्रेत भांड्याच्या निम्म्यापर्यंत गरम पाणी ओता. १८० अंशांवर ३५-४० मिनिटं. पाण्याचा कंटाळा केलात तर खाली गोड भुर्जी मिळेल. सुरी खुपसून बघू नका, ती ओलीच निघणार. वरून सोनेरी आणि हलवल्यावर मध्ये जरासं थरथरलं की काढा.

दहा मिनिटांत वाढा, कारण गार होता होता सॉस केकमध्ये मुरतो.