आधी घरं, मग कमिटी

प्रिय मुला,

प्रभूच्या नावाने सलाम.

मंडळीचा पाळक म्हणून तुझी नेमणूक झाल्याचं कळलं, फार आनंद झाला. सुरुवात कुठून करू, असं तू विचारलंस. आवाराची पडकी भिंत, गळकं छप्पर, नाताळाची वर्गणी, कमिटीतल्या दोन गटांची तेढ, हे सगळं पहिल्याच आठवड्यात तुझ्यापुढे येईल. येऊ दे. तू आधी माणसांकडे जा.

मंडळीचं, म्हणजे आपल्या चर्चच्या सभासदांचं, रजिस्टर घे आणि घरोघर फिर. ज्यांची नावं त्यात आहेत पण जे उपासनेला दिसत नाहीत, त्यांच्याकडे सगळ्यात अगोदर. नगर जिल्ह्यात तुला हे फार जाणवेल. दिवाळीच्या सुमारास कितीतरी कुटुंबं ऊसतोडीला बाहेर पडतात, ती उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. म्हणजे ऐन नाताळात ती मंडळीत नसतात, आणि आपण इथे चांदण्या नि माळा लावण्यात गुंतलेले असतो. अशा वेळी साखर कारखान्याजवळच्या त्यांच्या कोप्यांवर, म्हणजे झोपड्यांवर जा. दिवसा ती फडात असतात, म्हणून संध्याकाळी जा. दिवसभर कोयता चालवलेल्या माणसापुढे लांब प्रवचन करू नकोस. एक वचन, एक भजन, प्रार्थना, बस. मुलांच्या शाळेचं काय झालं ते विचार. मुकादमाकडून घेतलेली उचल किती फिटायची राहिली, हे कुणी सांगू लागलं तर पूर्ण ऐकून घे. मग रविवारी बायबलातल्या मत्तयाच्या 20व्या अध्यायातला द्राक्षमळ्याचा दाखला उघड. कामाच्या आशेने संध्याकाळपर्यंत बाजारात उभे राहिलेले ते मजूर कोण, हे तुला कुठल्या टीकाग्रंथात शोधावं लागणार नाही.

भजन म्हटलं ते मुद्दाम. ख्रिस्ती कवी नारायण वामन टिळकांनी ख्रिस्तभक्ती अभंगांत आणि भजनांत आणली. 1919 साली ते गेले, तरी अक्षरओळख नसलेल्या आज्यांना त्यांची पदं पाठ असतात. टाळ वाजवायला लाजू नकोस.

आता कमिटीविषयी. प्रेषितांच्या कृत्यांचा 6वा अध्याय सावकाश वाच. यरुशलेमच्या मंडळीत ग्रीक भाषा बोलणाऱ्या विधवांकडे रोजच्या वाटपात दुर्लक्ष होत होतं, म्हणून कुरकूर झाली. प्रेषितांनी तक्रार दाबली नाही, आणि वाटपाचं काम स्वतःकडेही घेतलं नाही. प्रार्थना आणि वचनाची सेवा आपल्याकडे ठेवून त्यांनी सात माणसं नेमायला सांगितलं. त्या सातांची नावं बघ: स्तेफन, फिलिप्प, निकानोर, तीमोन... सगळी ग्रीक. ज्यांची तक्रार होती, बहुधा त्यांच्यातल्याच माणसांच्या हाती वाटप गेलं. मला हा भाग फार मोलाचा वाटतो. आपल्याकडे कामं बहुतेक त्याच तीन-चार घराण्यांत फिरत राहतात. वाडीवरच्या माणसाला, नव्याने बाप्तिस्मा घेतलेल्याला, सुनांना आणि तरुण मुलींना जबाबदारी दे. कुरकूर होईल, ती सहन कर.

पैशाला स्वतः हात लावू नकोस. दानार्पण उपासनेनंतर तिथेच दोघांनी मोजावं, वहीत लिहावं, दोघांनी सह्या कराव्यात. तुझ्यावर कुणाचा अविश्वास आहे म्हणून नव्हे. पैशाबद्दल कुजबुज सुरू झाली की पाळकाचं वचन कुणी मोकळ्या मनाने ऐकत नाही, म्हणून.

कुणाच्या घरात ऐकलेलं दुःख प्रवचनात उदाहरण म्हणूनही आणू नकोस, नाव वगळूनसुद्धा. खेड्यात नाव सांगावं लागत नाही. मयत झाली तर हातातली सगळी कामं सोडून जा, आणि दफनविधी उरकला की संपलं असं समजू नकोस. पाहुणे परतल्यावर पुन्हा जा. तुझ्या बायकोला आणि मुलांना आठवड्यातली एक संध्याकाळ ठरवून दे, ती कुणालाही देऊ नकोस. तीमथ्याला पत्र लिहिताना प्रेषित पौलाने घराची गोष्ट मंडळीच्या आधी काढली आहे.

पहिल्या बैठकीत छपराचा विषय लगेच निघेल. त्याआधी तू तीन गोष्टी विचार: कोण आजारी आहे, कोण परगावी कामाला गेलं आहे, कुणाच्या दारात बऱ्याच दिवसांत कुणी फिरकलं नाही. उत्तरं वहीत लिहून घे. कोप्यांवर जायचं ठरलं की मला फोन कर, मीही येतो.

तुझ्यासाठी रोज प्रार्थना करणारा,
तुझा म्हातारा पाळक