सात वर्षांच्या लेकरासाठी जुना पियानो घ्यावा का?

तुम्ही लिहिलंय की मुलगी सात वर्षांची आहे, परभणीत वर्षभरापासून पियानो शिकतेय, आणि छत्रपती संभाजीनगरला एक जुना लाकडी उभा पियानो 40 हजारांत मिळतोय. किमतीकडे बघून होकार देऊ नका. त्याच्या खुंट्या तारा धरून ठेवतात का, हे आधी बघा. आपल्या भागात सगळं तिथंच अडतं.

पियानोत 88 पट्ट्या असतात आणि सव्वादोनशेच्या आसपास तारा. प्रत्येक तार लाकडात ठोकलेल्या लोखंडी खुंटीला गुंडाळलेली असते, आणि सगळ्या तारांचा मिळून ताण पंधरा-वीस टनांच्या घरात जातो. आपला उन्हाळा 42-43 अंशांचा, कोरडा ठणठणीत. लाकूड आकसतं, खुंटीची पकड सुटते. पावसाळ्यात तेच लाकूड फुगतं आणि पट्ट्या अडकायला लागतात. त्यात मे महिन्यात आपण बैठकीत कूलर लावतो, म्हणजे दिवसभर ओलसर वारा आणि बंद केला की पुन्हा कोरडं. पियानोला हे चढउतार फार बाधतात.

आम्ही 2016 मध्ये लातूरला असाच एक आणला होता. लाकूड चमकदार, आवाज भारदस्त. सूर लावणारे पुण्याहून बोलवावे लागले; दिवसभर खपून त्यांनी लावून दिला आणि तीन आठवड्यांत तो उतरला. दुसऱ्या खेपेला त्यांनी मला खुंटीवर किल्ली फिरवून दाखवली. हाताला काही जोरच लागत नव्हता. सगळ्या जाड खुंट्या बसवायचा खर्च पियानोच्या किमतीजवळ गेला, वर तारांवर आपटणाऱ्या हातोड्यांच्या फेल्टला कसर लागलेली निघाली. पैसे गेले ते गेले, पण दोन महिने माझ्या लेकीचा कान बेसूर वाद्यावर घडत होता, हे मला आजही लागतं.

बघायला जाल तेव्हा मोबाइलवर सूर मोजणारं एखादं फुकट अॅप घेऊन जा. मधल्या सप्तकातली पांढरी सहा (पेटीवाले म्हणतात तीच, म्हणजे A) दाबा, 440 हर्ट्झच्या आसपास यायला हवी. सगळाच पियानो एकसारखा अर्धा सूर खाली असेल, तर तो वर्षानुवर्षं कुणी लावलेला नाही. वर चढवताना जुन्या तारा तुटू शकतात. एकच पट्टी दाबल्यावर आवाज वांव-वांव असा लाटा मारत असेल, तर त्या सुराच्या तारा आपसात जुळत नाहीत. अशा चार-दोन पट्ट्या असतील तर चालेल, निम्म्या असतील तर परत फिरा. वरचं झाकण उघडून तारांवरचा गंज आणि हातोड्यांवर पडलेल्या खोल खाचा बघा. मालक झाकण उघडू देत नसेल तर पुढं बोलूच नका.

वजनाचाही विचार करा. उभा पियानो सहज दोनशे किलोच्या वर भरतो. मोंढ्यातले हमाल पोती लीलया उचलतात, पण हे वाद्य जिन्यावरून नेणं वेगळं काम आहे, त्याची सवय असलेली माणसंच लागतात.

माझं मत विचाराल तर या वयाला जुना डिजिटल पियानो घ्या, पण पूर्ण 88 पट्ट्यांचा आणि वजनदार पट्ट्यांचाच, म्हणजे दाबताना खऱ्या पियानोसारखा जोर लागणारा. हलक्या पट्ट्यांच्या 61 च्या कीबोर्डवर बोटांना जोर कमी-जास्त करायची सवय लागत नाही. ट्रिनिटी या लंडनच्या संस्थेच्या संगीत परीक्षाही पियानोच्या वेगळ्या आणि इलेक्ट्रॉनिक कीबोर्डच्या वेगळ्या असतात. असा डिजिटल पियानो साधारण 11-12 किलोचा येतो, एकटा माणूस उचलून आणतो, आणि सूर उतरायचा प्रश्नच नाही. घेताना प्रत्येक पट्टी आधी हळू, मग जोरात दाबा. हळू दाबूनही एखादी दणकन वाजली तर आतला रबराचा संपर्क झिजलाय. पेडल, हेडफोनची जागा, मूळ अडॅप्टर तपासा. ट्रान्सपोज (सगळे सूर एकदम वर-खाली सरकवायची सोय) शून्यावर आहे ना, हे आवर्जून बघा. आधीच्या मालकानं बदलून ठेवलेलं असेल तर लेकरू चुकीच्या सुरालाच खरा सूर समजेल. लाइट जा-ये करते तिथं बोर्डाचं बटण बंद करायची सवय लावा.

मुलीच्या शिक्षकांना सोबत न्या, आणि तिलाही. तिलाच तिथं वाजवू द्या. घरी आणल्यावर तिचे पाय लोंबकळत असतील तर खाली पाट ठेवा, पाय टेकले की हात मोकळे चालतात.