अमेरिकेत पूर्वी एकच प्रशिक्षक कॉलेजचे फुटबॉल आणि बेसबॉल हे दोन्ही संघ सांभाळायचा का?

हो, सर्रास. माझ्या मते यातलं सर्वांत मोठं नाव म्हणजे अ‍ॅमॉस अलोन्झो स्टॅग. जन्म १८६२चा. येल विद्यापीठात तो बेसबॉलचा नावाजलेला पिचर (चेंडू टाकणारा खेळाडू) होता आणि १८८९च्या पहिल्या ऑल-अमेरिका फुटबॉल संघातही (देशभरातल्या सर्वोत्तम कॉलेज खेळाडूंचा मानाचा संघ) त्याची निवड झाली.

१८९२ मध्ये तो नव्यानेच सुरू झालेल्या शिकागो विद्यापीठात गेला आणि तिथे तब्बल ४१ हंगाम फुटबॉल शिकवला (अमेरिकन फुटबॉल, आपला पायाने खेळायचा नव्हे). बेसबॉलचा संघही बरीच वर्षं त्याच्याकडेच होता. १९०५चा सामना तर वाचायलाच हवा: मिशिगन विद्यापीठाचा संघ सलग ५६ सामने अपराजित, आणि शिकागोने त्यांना २-० असं हरवलं!

सत्तरी गाठल्यावर विद्यापीठाने त्याला निवृत्त केलं. मला हे आजही खटकतं, कारण गडी थकलेला नव्हताच. त्याने कॅलिफोर्नियात कॉलेज ऑफ द पॅसिफिकला १९३३ ते १९४६ प्रशिक्षण दिलं. पुढे मुलाच्या जोडीने सस्क्वेहॅना विद्यापीठातही काम केलं. १९६५ मध्ये, वयाच्या १०२व्या वर्षी तो वारला.