बहाई व्हावं का? आधी टोचणाऱ्या गोष्टी बघा

ताई, तुमचा प्रश्न असा: घरी आजोबांपासून तुकडोजी महाराजांची सामुदायिक प्रार्थना, दिल्लीच्या लोटस टेंपलमध्ये, म्हणजे बहाई धर्माच्या प्रार्थनामंदिरात, बसल्यावर शांत वाटलं, ‘सगळे धर्म एकच’ हे पटतं, मग मी मुळात बहाईच आहे का?

तेवढ्याने नाही. ते पटणारी माणसं नागपुरात पायलीला पन्नास. ताजबागेच्या दर्ग्यात चादर चढवणारे किती हिंदू आहेत बघा ना! मोझरीच्या, म्हणजे तुकडोजी महाराजांच्या आश्रमातल्या, प्रार्थनेत तुम्ही आपल्या जागी राहून सगळ्यांना हात जोडता. बहाईंचं म्हणणं वेगळं आहे. कृष्ण, बुद्ध, जरथुश्त्र, येशू, महंमद हे एकाच देवाने त्या त्या काळासाठी पाठवलेले, आणि आजच्या युगासाठी बहाई धर्माचे संस्थापक बहाउल्ला (१८१७–१८९२). पुढचा निदान १००० वर्षं तरी नाही. म्हणजे जुने सगळे खरे, पण आज चालणार ते बहाउल्लांचे नियम. तुमची गाडी इथे अडते का, ते आधी बघा.

मी चार वर्षं त्यांच्या प्रार्थनासभांना जातोय, नाव अजून नोंदवलेलं नाही. सभा कुणाच्या तरी बैठकीच्या खोलीत. पुरोहित नाही, प्रवचन नाही. कुणी वाचतं, कुणी गातं, मग चहा. एकदा मी शंभराची नोट पुढे केली, ती हसून परत आली. बहाई नसलेल्याकडून ते धर्मकार्यासाठी पैसे घेत नाहीत. हे मला फार आवडलं.

आता टोचणाऱ्या गोष्टी. पुनर्जन्म नाही: आत्मा पुढे जातो, परत येत नाही. ‘मागच्या जन्मीचं देणं’ म्हणायची सवय असलेल्या आपल्यासारख्यांना हे वाटतं तितकं सोपं नाही. दहन नाही, दफन. तेही मृत्यूच्या जागेपासून तासाभराच्या अंतरात. माझ्या वडिलांना आम्ही दहनासाठी मोक्षधाम घाटावर नेलं होतं, म्हणून या नियमापाशी मी बरेच दिवस घुटमळलो. दारू बंद. मतदान करा, पण पक्षाचं सदस्यत्व नाही. पानठेल्यावर राजकारण करणाऱ्यांनी विचार करावा. जोडीदार तुम्ही निवडायचा, मात्र दोघांचे हयात असलेले सगळे आईवडील हो म्हणाले तरच लग्न.

माझं घोडं अडलंय ते वेगळ्याच ठिकाणी. स्त्री-पुरुष समानता हे त्यांचं मूळ तत्त्व, स्थानिक आणि राष्ट्रीय आध्यात्मिक सभांवर, म्हणजे कारभार बघणाऱ्या मंडळांवर, बायका निवडून येतात. पण इस्रायलमधल्या हैफातलं विश्व न्याय मंदिर, म्हणजे त्यांचं सर्वोच्च मंडळ, ज्याचा शब्द प्रत्येक बहाईला बंधनकारक, त्यावर १९६३ च्या पहिल्या निवडणुकीपासून नऊही पुरुषच. विचारलं तर उत्तर मिळतं की बहाउल्लांचे पुत्र अब्दुल-बहा यांनी सांगितलंय, यामागचं कारण पुढे स्पष्ट होईल. उत्तर देणारी माणसं प्रामाणिक आहेत, हे चार वर्षांत पाहिलंय. मला ते पुरत नाही. तुम्हाला कदाचित पुरेल.

वाचायचं तर नुसत्या गोड प्रार्थना वाचून थांबू नका, नियम ज्यात आहेत तो ‘किताब-ए-अक्दस’ वाचा. आणि थोडं करून बघा. रोजच्या प्रार्थनेचे तीन प्रकार आहेत, त्यातला एक निवडायचा. सगळ्यात छोटी दुपार ते सूर्यास्तात एकदा, मिनिटभराची. उपवास मार्चमध्ये, नवरोजच्या, म्हणजे त्यांच्या नववर्षाच्या, आधीचे १९ दिवस, सूर्योदय ते सूर्यास्त, पाणीसुद्धा नाही. मी एका वर्षी धरला. तिसऱ्या दिवशी भर दुपारी सीताबर्डीवर रसवंतीची घुंगरं वाजली आणि माझं अध्यात्म तिथेच संपलं. पुढच्या वर्षी मात्र पूर्ण केला.

‘किती दिवस असं लटकत राहू’ असंही तुम्ही लिहिलंय. बाप्पा, तुम्ही दीक्षाभूमीच्या गावात राहता! बाबासाहेबांनी येवल्याला धर्मांतराची घोषणा केली १९३५ साली, दीक्षा घेतली १९५६ साली. मधली एकवीस वर्षं. आणि दीक्षा दिली तेव्हा बावीस प्रतिज्ञाही दिल्या, काय सोडायचं ते त्यात आधी. तुमच्या वहीत तशी यादी करा: बहाई झाल्यावर माझ्याकडून काय काय सुटेल. मग ती घेऊनच सभेला जा आणि एकेक मुद्दा विचारा. चिडत नाहीत ती माणसं. मी तर दर वेळी तोच प्रश्न विचारतो, तरी चहा मिळतो.