गोव्यात नवी मराठी पुस्तकं कशी हेरावीत आणि चर्चेचा गट टिकवावा कसा?

तुम्ही दोन गोष्टी विचारल्या आहेत. म्हापशात राहून वाचण्याजोगी नवी मराठी पुस्तकं कशी कळतात, आणि सात-आठ जणांचा चर्चागट दर वेळी दुसऱ्या-तिसऱ्या बैठकीत का विरतो. माझ्या मते दोन्हींची दुखरी नस एकच आहे, पण आधी पुस्तकांचं पाहू.

नव्या लेखकांचा माग काढायला दिवाळी अंकांइतकं स्वस्त साधन नाही. का. र. मित्रांच्या ‘मनोरंजन’ मासिकाने 1909 साली ही प्रथा पाडली, आणि आजही कितीतरी कथाकार पुस्तकाआधी तिथेच भेटतात. ढीगभर अंक विकत घेऊ नका, बऱ्याच वाचनालयांत ठरावीक वर्गणीत ते आळीपाळीने मिळतात. अनोळखी नावाची कथा आवडली की नाव वहीत टिपा. संग्रह यायला दोन-चार वर्षं जातात आणि तोवर नाव डोक्यातून गेलेलं असतं. बाकी वर्षभरासाठी 1964 पासूनचं ‘ललित’ मासिक आहे, ते ग्रंथव्यवहारालाच वाहिलेलं. साहित्य अकादमीचा युवा पुरस्कार 35 वर्षांपर्यंतच्या लेखकांना मिळतो, त्याची यादीही चाळावी.

परीक्षणं मात्र जपून वाचा. ज्यात पुस्तकातलं एकही वाक्य उद्धृत नाही आणि एकही तक्रार नाही, ते परीक्षण मलपृष्ठावरून लिहिलंय असं समजा. प्रकाशन समारंभाची बातमी म्हणजे शिफारस नव्हे. मोठ्या नावाची प्रस्तावनाही नव्हे, ती बहुतेकदा भिडेखातर असते.

पुस्तक हातात आलं की आधी आवृत्ती आणि वर्ष छापलेलं माहितीचं पान उघडा. नव्या मुखपृष्ठाखाली जुन्याच पुस्तकाचं पुनर्मुद्रण असतं आणि आपण ते नवं म्हणून घेतो. अनुवाद असेल तर मूळ भाषा कोणती आणि अनुवाद थेट तिच्यातून आहे की इंग्रजीमार्गे, ते बघा. मग सुरुवात सोडून साठाव्या पानाच्या आसपास दोन पानं वाचा आणि एक संवादाचं पान वाचा. पहिल्या पानावर प्रत्येक लेखक घासूनपुसून काम करतो, मधल्या पानांवर खरी भाषा दिसते. भाजीवाला आणि प्राध्यापक एकाच सुरात बोलत असतील तर पुस्तक खाली ठेवा.

पणजीत पाटोवरचं कृष्णदास शामा राज्य मध्यवर्ती ग्रंथालय जवळ करा. 1832 साली सुरू झालेली ही संस्था आहे, आणि तिला नाव दिलंय ते सोळाव्या शतकात मराठीत लिहिणाऱ्या गोमंतकीयाचं. ड्यूई पद्धतीने, म्हणजे विषयवार क्रमांक देऊन, लावलेल्या ग्रंथालयात मराठी कविता 891.461 आणि कथा-कादंबरी 891.463 या क्रमांकावर असते. कपाटापुढे उभं राहून शोधण्यात जे गवसतं ते संगणकावर गवसत नाही. संगणकाच्या सूचीत शोधायचंच असेल तर देवनागरीत आणि रोमन लिपीत, दोन्हीकडे शोधा. कधी मराठी नावं रोमनमध्ये चढवलेली असतात आणि एका अक्षराच्या फरकाने पुस्तक ‘नाही’ म्हणून येतं. पुस्तकावर छापलेला 13 अंकी आयएसबीएन क्रमांक टाकलात तर ही कटकट टळते.

आता गट. उत्साह आटतो म्हणून गट मोडतो असं सगळे म्हणतात. मला ते पटत नाही. गट मोडतो प्रतींवाचून. आठ जणांत एक प्रत फिरत राहिली की बैठकीच्या दिवशी पुस्तक तिघांनी वाचलेलं असतं, आणि उरलेले पाच जण पुढच्या वेळी येत नाहीत. म्हणून पुढची दोन पुस्तकं आधीच ठरवा. आठ जणांना निदान चार प्रती लागतात: एखादी ग्रंथालयातून, बाकी एकत्र मागवून. डिसेंबर 2024 मध्ये टपाल खात्याने पुस्तकांसाठीची स्वस्त रजिस्टर्ड बुक पोस्ट बंद केल्यापासून सुटं पुस्तक मागवणं महागात पडतं. पाच-सहा पुस्तकांचं एकच पार्सल मागवा आणि प्रकाशकाकडे सवलत मागायला लाजू नका.

दोन बैठकांत पाच आठवडे ठेवा. रोज दहा पानं धरली तर स्वतःची प्रत असलेल्याला अडीचशे पानांना पंचवीस दिवस लागतात. चार प्रतींत आठ जणांना वाचायचं तर दीडशे पानांपुढे जाऊ नका. कोणी मोबाइलवर वाचत असेल तर पृष्ठांक जुळणार नाहीत, प्रकरणाच्या क्रमांकाने बोला.

बैठक दीड तासाची पुरे. कथानक सांगत बसायची मनाई करा. प्रत्येकाने खूण केलेला एक उतारा मोठ्याने वाचायचा. ज्याला पुस्तक आवडलं नाही त्याने आधी बोलायचं, ज्याने सुचवलं त्याने शेवटी. उलट केलंत तर सुचवणाऱ्याच्या भिडेने सगळे गोड बोलतात आणि चर्चा वीस मिनिटांत संपते. ‘आवडलं का?’ याला हो-नाही एवढंच उत्तर येतं. ‘कुठे थांबलात?’ असं विचारा. अर्धवट वाचणाऱ्यालाही मग बोलता येतं, आणि तीन जण एकाच प्रकरणात अडकले असतील तर दोष बहुधा वाचकांचा नसतो. बोलणं कोकणीत वळलं तर वळू द्या, पुस्तक मराठी असलं म्हणून काय झालं! देवनागरी कोकणीतलं एखादं पुस्तकही मधूनच घ्या.

दर बैठकीनंतर वहीत तीन ओळी लिहा: पुस्तक कोणतं, सुचवलं कोणी, कुठे रेंगाळलं. सहा पुस्तकांनंतर कळतं की आपली आवड गटातल्या कोणाशी जुळते. पुढे त्या एका माणसाची शिफारस कुठल्याही पुरवणीपेक्षा खात्रीची ठरते. प्रती वेळेवर फिरल्या तरच ही वही भरते, म्हणून दुखरी नस एकच म्हटलं.

सुरुवात जूनमध्ये, पाऊस लागल्यावर करा. चवथीच्या महिन्यात बैठक ठेवू नका, आणि जत्रांच्या दिवसांतही नको, निम्मे लोक नाटकाच्या तालमीत असतात. पहिलं पुस्तक कथासंग्रह घ्या आणि त्यातल्या तीनच कथा ठरवा.