थाई कुक ठेवायचा, पण मुलीची मुदत ठेव मोडून?

प्रश्न: गोव्यात मांद्रेला आमच्या स्वतःच्या जागेत रेस्टॉरंट आहे, दारूचा परवानाही आहे. सतरा माणसं कायमची, दर डिसेंबरात आणखी चार-पाच मुलं घेतो. थायलंडचा एक कुक टुरिस्ट व्हिसावर इथं आलाय. महिना ८० हजारांवर राहायला तयार आहे. म्हणतो, काम लगेच धरतो, कागद मागाहून करू. थाई जेवणामुळे सीझनच्या आठ महिन्यांत दरमहा ३ लाखांची विक्री वाढेल असा माझा अंदाज आहे. त्यासाठी ९ लाखांची मुदत ठेव मोडायची (मुलगी २०२८ला बारावी होईल, तिच्यासाठी ठेवलेली) आणि ४ लाखांचं सोनेतारण काढायचं, असं घरात चाललंय. परदेशी माणूस ठेवण्याचे नियम बदललेत असंही ऐकलं. काय करावं?

उत्तर: ताई, ‘कागद मागाहून’ हे आधी डोक्यातून काढून टाका. टुरिस्ट व्हिसावर त्याला एक दिवसही कामाला लावू नका. १ सप्टेंबर २०२५पासून नवा इमिग्रेशन अँड फॉरेनर्स अॅक्ट लागू झालाय आणि १९२०, १९३९, १९४६ व २०००चे चार जुने कायदे त्यात गुंडाळले गेलेत. व्हिसाची अट मोडणाऱ्या परदेशी माणसाला ३ वर्षांपर्यंत कैद किंवा ३ लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. तो मायदेशी निघून जाईल. चौकशी मात्र तुमच्या दारात येईल. किनाऱ्यावर सगळेच असं करतात, हे मलाही लोक सांगतात. पण तुमची जागा स्वतःची, नावावर अबकारी (दारूचा) परवाना. गमवायला तुमच्याकडे बरंच आहे.

रीतसर मार्ग एम्प्लॉयमेंट व्हिसाचा. त्यासाठी त्याला परत जाऊन तिथल्या भारतीय दूतावासातून व्हिसा काढावा लागेल. या व्हिसाला साधारण नियम असा की वार्षिक पगार १६.२५ लाखांच्या वर हवा, म्हणजे महिना सुमारे १ लाख ३५ हजार. तुमचा कुक ९.६० लाखांवर येतोय. सवलत आहे ती आपल्या देशाचंच जेवण करणाऱ्या कुकला. म्हणून करारात तो थाई पदार्थांचा कुक आहे हे स्पष्ट लिहा, आणि मग त्याला पिझ्झा-बर्गरच्या काउंटरवर उभा करू नका. व्हिसा तुमच्या नोकरीला बांधलेला असतो, शेजारच्या शॅकला त्याला उसना देता येत नाही. मुदत १८० दिवसांहून जास्त असेल तर आल्यापासून १४ दिवसांत परदेशी नागरिकांसाठीच्या सरकारी ई-एफआरआरओ पोर्टलवर नोंदणी लागते. त्याला खोली तुम्हीच दिलीत तर ती माहिती २४ तासांत ऑनलाइन भरायची.

आता तुमच्या पत्रात नसलेली गोष्ट: पीएफ. सतरा आणि चार म्हणजे एकवीस. वीस माणसं झाली की पीएफ लागू होतो. दर डिसेंबरात नेमाने घेतलेली मुलं मोजणीतून सुटतील या भरवशावर राहू नका. अजून नोंदणी नसेल तर कुकच्या आधी हे निस्तरा, कारण थकबाकीवर वर्षाला १२ टक्के व्याज चढतं, वर दंड वेगळा. आपल्या माणसांचा पीएफ १५ हजारांच्या मर्यादेवर कापता येतो, परदेशी कामगाराला ती मर्यादा नाही. पूर्ण ८० हजारांवर तुमचे महिना ९,६०० जातील आणि तितकेच त्याच्या पगारातून कापले जातील. थायलंडशी आपला सामाजिक सुरक्षा करार नसल्याने त्याला ते पैसे साधारणपणे अठ्ठावन्नाव्या वर्षापर्यंत काढता येत नाहीत. हे कळलं की तो हातात पडणारे पैसे वाढवून मागेल, हे धरूनच बोलणी करा. परदेशी कामगारांना पूर्ण पगारावर पीएफ लावणारी ही तरतूद कर्नाटक उच्च न्यायालयाने २०२४मध्ये रद्द ठरवली होती, दिल्ली उच्च न्यायालयाने २०२५मध्ये ती वैध ठरवली. गोव्यात बसून आपण ती लागू आहे असंच धरायचं.

आयकराची चिंता त्यामानाने कमी. पगारावरचा टीडीएस तुमचा अकाउंटंट बघेल.

खरा प्रश्न आकड्यांचा. वर्षाचा पगार ९.६० लाख, पीएफ १.१५ लाख, खोली, तिकीट, कागदपत्रं मिळून पावणेदोन लाख धरू. झाले साडेबारा. सामान-गॅस वजा जाता विक्रीतले ४० टक्के हातात राहतात असं समजलं तर तेवढे भरून काढायला ३१ लाखांची जादा विक्री हवी, म्हणजे आठ महिने दरमहा ३.९० लाख. तुमचा स्वतःचाच अंदाज ३ लाखांचा आहे. शिवाय जून ते सप्टेंबर गिऱ्हाईक नाही, चवथीला निम्मी माणसं गावी, आणि त्याचा ८० हजार पगार चालूच. त्या चार महिन्यांचेच ३.२० लाख होतात.

करार फक्त ऑक्टोबर ते मे असा केला तर खर्च ९ लाखांच्या आत येतो आणि दरमहा २.८० लाखांच्या जादा विक्रीत जेमतेम सुटका होते. नव्या कामगार संहितांनुसार मुदतीच्या करारावरचा माणूस वर्षभर राहिला की ग्रॅच्युइटीला पात्र होतो, तोही भार आठ महिन्यांत येत नाही. पण जेमतेम सुटण्यासाठी मुलीचं शिक्षण पणाला लावायचं? मी नाही लावणार. सोनंही राहू द्या. सोनेतारणाचं व्याज पावसाळ्यातही चढतं, आणि गल्ला तेव्हाच रिकामा असतो.

तुमचा ३ लाखांचा अंदाज आधी तपासून बघा. ३ लाख म्हणजे रोज १० हजार, ५०० रुपयांच्या वीस डिशेस, मे महिन्यातसुद्धा. या सीझनला आठवड्यातून दोन संध्याकाळी तुमच्याच कुककडून पाच-सहा थाई पदार्थ करून विका आणि त्यांचं बिल वेगळं काढा. पोरगा हुशार असेल तर त्याला बँकॉकला थोड्या दिवसांच्या कुकिंग कोर्सला पाठवा. खर्चाला २ लाखांची मर्यादा घाला. तो शिकून आला की चार महिने पावसाळ्यात मेनू बसवेल.

एवढं करून त्या संध्याकाळी विक्री खरंच रोजच्यापेक्षा १०-१२ हजारांनी वाढलेली दिसली, आणि मेअखेर गल्ल्यातून साडेतीन लाख बाजूला पडले, तर थाई कुकला ऑक्टोबरसाठी आठ महिन्यांच्या कराराचं पत्र द्या. तिकीट, कागद आणि पहिले दोन पगार त्यातूनच. साडेतीन लाख जमले नाहीत तर यंदा नाही. तोवर पीएफच्या नोंदणीसाठी सल्लागाराला भेटा, जाताना गेल्या दोन-तीन डिसेंबरांचे हजेरीपट सोबत न्या.