४०७ चं स्टिअरिंग वाकडं बसलंय? आधी ते उतरवू नका

तुमची अडचण अशी: जुनी टाटा ४०७, साधं (पॉवर नसलेलं) स्टिअरिंग. पुढचे पाटे (स्प्रिंगच्या पट्ट्या) बदलल्यापासून गाडी सरळ जाते, पण सरळ जाताना स्टिअरिंग डावीकडे कललेलं असतं. बाराच्या जागी असायची ती खूण अकरावर येते. एक मिस्त्री म्हणतो स्टिअरिंग काढून सरळ बसवू, दुसरा म्हणतो अलाइनमेंट करून घ्या.

दोन्ही सल्ले सध्या बाजूला ठेवा. काम झालं आणि लगेच स्टिअरिंग फिरलं, याचा अर्थ खाली काहीतरी जागचं हललंय. ते सापडेपर्यंत वरच्या नटाला पाना लावायचा नाही.

कारण सांगतो. स्टिअरिंग बॉक्समधले (स्टिअरिंगच्या दांड्याखालच्या गिअरच्या पेटीतले) दोन दातेरी भाग, सेक्टर आणि बॉल नट, अगदी मध्यावर सगळ्यात घट्ट जुळतात आणि मध्यापासून दूर गेलं की मुद्दाम सैल ठेवलेले असतात. गाडी सरळ चालताना बॉक्स मध्यावरच असला पाहिजे. स्टिअरिंग नुसतं उपसून सरळ बसवलं की दिसायला ठीक, पण बॉक्स मध्यापासून बाजूलाच राहतो. मग सरळ रस्त्यावर ढिलाई जाणवते, कोणीतरी वरचा ॲडजस्टिंग स्क्रू आवळतो, आणि वळण घेताना बॉक्स खऱ्या मध्यावर आला की तिथे जाम होतो. पुढे सहा महिन्यांनी बॉक्स खोलायची वेळ येते आणि दोष कंपनीला दिला जातो.

आता अलाइनमेंटचं. कारमध्ये दोन्ही बाजूंना वेगवेगळे टाय रॉड असतात, ते कमी-जास्त करून स्टिअरिंग सरळ करता येतं. अलाइनमेंटवाल्याचा हात त्यावरच बसलेला असतो. ४०७ ला पुढे अखंड एक्सल आहे. टाय रॉड फक्त डावं चाक उजव्याला जोडतो. स्टिअरिंगचा संबंध येतो तो ड्रॅग लिंकमधून, म्हणजे ड्रॉप आर्मपासून (बॉक्समधून निघणारा आर्म) उजव्या स्टब एक्सलच्या (चाक बसतं तो वळणारा भाग) आर्मपर्यंत जाणाऱ्या रॉडमधून. हिशोब करून बघा. टायरचा व्यास ७८० मिमी धरला आणि टो (दोन्ही चाकांमधलं पुढचं आणि मागचं अंतर यांतला फरक) ४ मिमीने बदलला, तर प्रत्येक चाक जेमतेम ०.१५ अंश फिरतं. बॉक्सचं गुणोत्तर २० धरलं (स्टिअरिंग २० अंश फिरलं की ड्रॉप आर्म एक अंश) तर स्टिअरिंगवर तीन अंश. तुमचं तीस अंश वाकडं आहे. ते टाय रॉडने काढायला गेलात तर स्टिअरिंग सरळ होण्याआधी टायर खाल्ले जातील.

ड्रॅग लिंकचा हिशोब मात्र उलटा आहे. ड्रॉप आर्म मध्यापासून मध्यापर्यंत २०० मिमी असेल, तर लिंकच्या १ मिमी फरकाला स्टिअरिंग साधारण पावणेसहा अंश फिरतं. तीस अंश म्हणजे फक्त ५ मिमी. ४०७ मध्ये १९८६ पासून बॉक्स आणि लिंक बऱ्याचदा बदलत गेलेत, त्यामुळे आर्मची लांबी आणि बॉक्सचं गुणोत्तर स्वतःच्या गाडीवर मोजून घ्या. पण अंदाज हाच राहील, आणि म्हणूनच पाट्यांवर संशय घ्यायचा: एक्सल उजव्या बाजूने ५ मिमी पुढे-मागे बसला तरी एवढंच वाकडं होतं.

आधी खात्री करा की दोष मध्याचाच आहे. पुढच्या दोन्ही टायरमध्ये हवा सारखी, गाडी नेहमीच्या वजनावर, मोकळं सपाट मैदान किंवा रस्त्याचा मधला भाग. आपले रस्ते कडेला उतरते असतात, डाव्या कडेने चालवून बघितलं तर चांगली गाडीही थोडं उजवीकडे स्टिअरिंग मागते. तीस-चाळीसच्या वेगाने सरळ जा आणि वरच्या मध्यावर चिकटपट्टी लावा. उभी केल्यावर, पुढची चाकं न हलवता, पट्टी किती सरकली ते रिमवरून दोऱ्याने मोजा; ४५ सेंमी व्यासाच्या स्टिअरिंगला १० सेंमी म्हणजे सुमारे २५ अंश. कधी डावीकडे, कधी उजवीकडे असं होत असेल तर तो मध्याचा दोष नाही, ढिलाई आहे. हात सोडल्यावर गाडी ओढत असेल तर टायर, ब्रेक जाम, किंगपिन (चाक जिच्यावर वळतं ती पिन) बघा. आणि फक्त ब्रेक मारला की स्टिअरिंग फिरत असेल, तर यू बोल्ट (पाटे एक्सलला बांधणारे) सैल किंवा दोन बाजूंचे ब्रेक असमान. ते आधी, बाकी नंतर.

ढिलाई बघायला गाडी जमिनीवरच हवी, जॅकवर नको. एकाने स्टिअरिंग थोडं-थोडं डावं-उजवं हलवायचं, दुसऱ्याने खाली प्रत्येक सांध्यावर हात ठेवायचा: कॉलमचा क्रॉस (स्टिअरिंगच्या दांड्याचा सांधा), बॉक्सचा शाफ्ट, ड्रॉप आर्म, लिंकचे दोन्ही बॉल, स्टब एक्सलचा आर्म, टाय रॉड. एका बाजूला हालचाल आली आणि पुढे पोचली नाही, तिथे झीज. बॉक्स चेसिसला जिथे बांधलाय तिथे टॉर्च मारून बघा. रंग फुटलाय, गंजाची बारीक रेघ बाहेर आलीय, म्हणजे बोल्ट सैल आहेत किंवा चेसिसला चीर आहे. हे पाचच मिनिटांचं काम, पण बहुतेक जण टाळतात.

आता पाटे. सेंटर बोल्टचं (पाटे मधोमध एकत्र धरणाऱ्या बोल्टचं) डोकं एक्सलच्या पाट्याखालच्या खाचेत पूर्ण बसलंय का? घाईत ते खाचेच्या कडेवर राहतं, वरून यू बोल्ट आवळले जातात आणि एक्सल काही मिलिमीटर सरकून बसतो. पुढे बोल्टचं डोकं तुटतं आणि वजनावर, खडी किंवा उसाच्या फेरीत, एक्सल आणखी सरकतो. पॅड (एक्सलवरची पाटा टेकण्याची जागा) आणि पाट्यामध्ये फट दिसते का, जुन्या यू बोल्टच्या चकचकीत खुणा बाजूला सरकलेल्या दिसतात का, बघा. कॅस्टरची (किंगपिनच्या पुढे-मागे कलाची) पाचर असेल तर जाड बाजू काढण्यापूर्वी होती त्याच दिशेला हवी. ती उलटी बसली तर स्टिअरिंग स्वतःहून परत येत नाही, गाडी भरकटते. वाकडं दिसण्याचं कारण मात्र सहसा ती नसते. दोन बाजूंचे पाटे वेगवेगळ्या जातीचे असतील, किंवा एका बाजूला एक पाटा जास्त घातला असेल, तर उंची बदलते, लिंकचा कोन बदलतो आणि स्टिअरिंग ओढलं जातं. नवे पाटे उंच बसतात हेही खरं, काही फेऱ्यांनंतर ते खाली बसतात.

मोजा. पुढच्या हबच्या मध्यापासून मागच्या हबच्या मध्यापर्यंत, डावीकडे आणि उजवीकडे, चाकं सरळ ठेवून. टेप ताणलेला आणि दोन्हीकडे सारख्या उंचीवर. दोन-तीन मिमी फरक मोजण्याच्या चुकीत जातो. पाच-सहा आला तर कुठला एक्सल हलला ते शोधा: दोन्ही बाजूंना चेसिसवरच्या एकाच भोकापासून पुढचा एक्सल आणि मागचा एक्सल वेगवेगळा मोजा. मागचा तिरका असेल तर गाडी खेकड्यासारखी चालते, पुढची चाकं कायम थोडी वळवलेली ठेवावी लागतात, आणि पुढे काहीही केलं तरी स्टिअरिंग वाकडंच राहतं. एक्सल सरकलेला निघाला तर तो जागेवर आणा, नवा सेंटर बोल्ट घाला, नवे यू बोल्ट तिरक्या क्रमाने थोडे-थोडे आवळा, आणि मगच पुढे जा. बहुधा इथेच तुमचं काम संपेल.

एक्सल जागेवर आहे आणि तरी वाकडंच, तर बॉक्सचा मध्य काढा. ड्रॅग लिंक ड्रॉप आर्मपासून सोडा: स्प्लिट पिन काढा, नट दोन-तीन आटे ठेवून सैल करा, आर्मच्या डोळ्याच्या दोन्ही बाजूंना एकाच वेळी दोन हातोडे मारा. आट्यावर मारू नका. मग स्टिअरिंग एका टोकापर्यंत हळू फिरवा, दुसऱ्या टोकापर्यंतचे फेरे मोजा, निम्मे परत या. टोकावर आपटू नका, बॉक्सच्या आत बॉल फिरवणारी नळी वाकते. मध्यावर शाफ्टवर आणि बॉक्सवर खडूने खूण करा.

इथे गुंता सुटतो. बॉक्स मध्यावर असताना स्टिअरिंग सरळ दिसत असेल, तर चूक बॉक्सच्या खाली आहे. स्टिअरिंगच वाकडं असेल, पण चाकं सरळ ठेवून लिंक नेमकी बसत असेल, तर चूक वर आहे: कोणीतरी पूर्वी स्टिअरिंग उपसून बसवलंय किंवा कॉलमचा जोड दातावर चुकवलाय. फक्त या दुसऱ्या वेळी स्टिअरिंग उतरवून बसवणं बरोबर. स्टिअरिंगही वाकडं आणि लिंकही नेमकी बसत नसेल, तर कोणीतरी खालचा दोष वर झाकलाय, दोन्ही सुधारा.

ड्रॉप आर्म दातावर चुकला असेल तर लगेच ओळखू येतो. आर्मला ३६ दात असतील तर एक दात म्हणजे दहा अंश, आणि २० च्या बॉक्सवर स्टिअरिंग दोनशे अंश फिरतं. तुमचं तीस आहे, तेव्हा ड्रॉप आर्म काढायचं कारणच नाही. स्टिअरिंग अर्धा फेरा किंवा जास्त चुकलं असेल तरच आर्म आणि शाफ्टवरच्या खुणा जुळतात का ते बघा.

सेटिंगला आधी टो-इन (चाकांच्या पुढच्या कडा किंचित आत ठेवणं) मॅन्युअलप्रमाणे करून घ्या, मगच ड्रॅग लिंक; क्रम उलटा केला तर दोनदा काम. चाकं सरळ करायला मागच्या बाहेरच्या टायरच्या पुढच्या आणि मागच्या कडेला टेकवून दोरा पुढपर्यंत ताणा, एक्सलच्या उंचीवर, दोन्ही बाजूंना. पुढच्या टायरच्या पुढच्या आणि मागच्या कडेपासून दोऱ्यापर्यंतचं अंतर मोजा. टो-इनमुळे पुढचं अंतर थोडं जास्त येईल. तो फरक डावी-उजवीकडे सारखा येईपर्यंत चाकं फिरवा. आता बॉक्स मध्यावर, चाकं सरळ. लिंकचा बॉल आर्मच्या डोळ्यात ओढाताण न करता बसला पाहिजे. नसेल तर क्लॅम्प सैल करून लांबी बदला. एकाच टोकाला दीड मिमीचा आटा असेल तर एका फेऱ्याला स्टिअरिंग साडेआठ अंशांच्या आसपास फिरतं. मधली नळी डाव्या-उजव्या आट्यांची असेल तर त्याच्या दुप्पट. दिशा पाठ करायची गरज नाही, एक फेरा फिरवून बघा. दोन्ही बॉल एकाच तिरकेपणात ठेवून क्लॅम्प आवळा, आणि रॉडच्या जाडीएवढा तरी आटा आत राहू द्या.

लिंकला ॲडजस्टमेंटच नसेल तर तिची लांबी नव्या लिंकशी शेजारी ठेवून जुळवा. फरक आला तर ती वाकलीय, बदला. गरम करून सरळ करणं किंवा कापून वेल्डिंग मारणं, दोन्ही नाही. स्टिअरिंगच्या कुठल्याही भागाला गॅस दाखवणाऱ्या मिस्त्रीकडून गाडी परत आणा.

बंद करताना स्प्लिट पिन नव्या. मग दोन्हीकडे पूर्ण वळवून बघा: टायर पाट्याला, लिंकला किंवा ब्रेकच्या होजला घासत नाही ना, आणि बॉक्स आतून टेकण्याआधी एक्सलवरचे स्टॉप बोल्ट टेकतात ना. पहिल्या भरलेल्या फेरीनंतर यू बोल्ट पुन्हा आवळा. पाटे खाली बसल्यावर स्टिअरिंग दोन-तीन अंश हललं, तर लिंकच्या पाव-अर्ध्या फेऱ्यात ते परत जागेवर येईल.